शेवटचं रीळ

कर्जत,
श्रावण

प्रिय आत्या,


परवा फोनवर तू एवढं सगळं सांगितलंस आणि मी नुसतं 'हं, हं' करून फोन ठेवला. नंतर तू हिला विचारलंस म्हणे, पोराला राग आला का? राग कसला गं. आवाजच फुटत नव्हता. तू जे सांगितलंस त्याची उरलेली अर्धी बाजू माझ्याजवळ आहे, आणि ती तुला माहीत नाही हे बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. ती फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. म्हणून हे पत्र.

ते छापायला देतोय याचंही नवल वाटून घेऊ नकोस. मोबाइलवर पाठवलेलं तू 'नंतर बघू' म्हणून ठेवून देतेस, पण अंक हातात आला की पहिल्या पानापासून शब्दकोड्यापर्यंत वाचतेस. आणि ही गोष्ट घरची असली तरी 'पाठलाग'चीही आहे. हा सिनेमा आजच्या लोकांनी बघावा असं मला फार वाटतं. त्याचा शेवट मात्र या पत्रात मिळणार नाही. तुलाही नाही आणि वाचणाऱ्या कुणालाही नाही.

आत्या, माझ्या डोक्यात 'पाठलाग' आणि वालाचा वास कायमचे एकत्र बसलेत. तू श्रावणात चार दिवस माहेरी यायचीस, केळवलीच्या घरी. पावसानं दिवे गेलेले, कंदिलाची काच एका बाजूनं काळी झालेली, आणि रात्रीची जेवणं उरकली की तू उद्याच्या बिरड्याचे वाल घेऊन माजघरात बसायचीस. आम्हा चौघा पोरांच्या पुढ्यात एकेक मूठ वाल. गोष्ट हवी असेल तर सोला, असा तुझा करार होता. मोड आलेला, कोमट पाण्यात पडलेला वाल अंगठ्यात आणि बोटात धरून जरासा दाबला की डाळिंबी सुळकन बाहेर येते आणि साल बोटाला चिकटून राहते. तो उग्र हिरवट वास दुसऱ्या दिवशी शाळेतसुद्धा बोटांना यायचा. पाटी पुसताना आला की मला कोर्टात उभी असलेली ती बाई दिसायची.

कारण तू तिथेच थांबायचीस. एक वकील. त्याची बायको वारलेली. तो त्या दुःखातून उठलेला नाही तोच पोलीस एका बाईला पकडतात, गुन्हेगारांच्या टोळीतली म्हणून. चेहरा हुबेहूब त्या वारलेल्या बायकोचा. आणि ती बाई वकिलाकडे बघून म्हणते, मी यांची बायको. पुढे कोर्ट. एक प्रश्न होतो, वाटतं हीच ती. दुसरा होतो, वाटतं छे, ही कुणी ठकवणारी. तू दोन्ही आवाज काढायचीस. वकिलाचा आवाज काढताना मान ताठ करायचीस. मग एका प्रश्नापाशी तुझ्या चिमटीतला वाल तसाच राहायचा, आम्ही श्वास धरून बसायचो, आणि तू म्हणायचीस, "पुढचं मोठे झालात की बघा."

आम्ही रडायचो, हातापाया पडायचो. एकदा मी रागानं सोललेल्या डाळिंब्यांचं भांडं उपडं केलं होतं, आठवतं? तू रागावली नाहीस. एकेक डाळिंबी वेचलीस आणि मला म्हणालीस, "पण मराठीच बघायचा हं. हिंदीतला आधी बघायचा नाही. शप्पथ घे." मी घेतली.

ती शपथ पाळणं सोपं नव्हतं. राज खोसला यांनी 'पाठलाग'वरून 1966 मध्ये हिंदीत 'मेरा साया' काढला. साधना, सुनील दत्त आणि मदनमोहनचं संगीत. ज्या 1964 साली राजाभाऊ परांजप्यांचा 'पाठलाग' आला त्याच साली खोसलांचा 'वह कौन थी' आला होता, म्हणजे रहस्यपटात मुरलेला माणूस. आणि त्याला पुढच्या सिनेमासाठी आपल्याकडची गोष्ट उचलाविशी वाटली. 'मेरा साया'ची गाणी रेडिओवर, लग्नाच्या बँडमध्ये, रिक्षात, कुठेही लागायची. वसतिगृहात एकानं शेवट सांगायला सुरुवात केली तेव्हा मी कानांवर हात ठेवून खोलीबाहेर पळालो होतो. आज वाटतं, बरं झालं.

मग तो बघायला मला एवढी वर्षं का लागली? खरं उत्तर देतो. तुझा 'पाठलाग' इतका भरगच्च होता की मला खऱ्याची भीती वाटायची. तुझ्या गोष्टीत त्या बायकोची चिता उल्हास नदीच्या काठी जळायची. वकील रात्रीच्या गाडीनं पुण्याला निघायचा. घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिन लागतात तेवढा वेळ गाडी कर्जतला थांबायची, आणि तेवढ्यात त्याला फलाटाच्या पार टोकाला, दिव्याच्या उजेडाबाहेर, बायको उभी दिसायची. कोर्ट खालापूरचं. न्यायाधीश आपल्या ओळखीच्या कुणासारखे तरी खाकरायचे. तू माझ्यासाठी त्या सिनेमाला आपला अख्खा मुलूख दिला होतास. आजही रात्री जाग आली आणि स्टेशनाकडून मागच्या इंजिनाचा धक्का बसल्याचा आवाज आला, की मला फलाटाचं ते टोक आठवतं.

गेल्या शनिवारी अखेर तो बघितला. बाहेर कर्जतचा पाऊस होता, घरची सगळी एका लग्नाला गेली होती. मोबाइल टीव्हीला जोडला. प्रिंट जुनी, मधेच रेघा, आवाजात खरखर. पहिली दहा मिनिटं मी तुझी उल्हास नदी शोधत होतो. नंतर विसरलो.

आत्या, किती चांगला सिनेमा आहे! 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' हे दोन्ही एकाच वर्षी, 1952 मध्ये देणारा, अख्ख्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस राजा परांजपे. त्याच हातानं हा संशयाचा सिनेमा केला यावर विश्वास बसत नाही. गोष्ट जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरची. गाणी गदिमांची, चाली दत्ता डावजेकरांच्या. आशा भोसल्यांचं ते गाणं तू वाल सोलताना गुणगुणायचीस, ते सिनेमात आलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते नुसतं लाडाचं गाणं नाही. ते ऐकताना अंगावर काटा येतो. ज्या डोळ्यांचं ते गाणं आहे ते डोळे मिटलेत, हे आपल्याला माहीत असतं. राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं या चित्रपटाला त्या वर्षी, मराठीतला सर्वोत्कृष्ट म्हणून.

आणि काशिनाथ घाणेकर. चिपळूणचा हा माणूस, दातांचा डॉक्टर, 1962 च्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये संभाजी करून लोकांच्या डोक्यात बसला. रंगभूमीवरचा घाणेकर म्हणजे टाळ्या आणि शिट्ट्या असं आपण ऐकत आलो. इथे मात्र माणूस आत ओढून घेतलेला आहे. समोर आपल्याच बायकोचा चेहरा, आणि काम काय, तर ती आपली बायको नव्हे हे कोर्टाला पटवायचं. प्रश्न विचारताना त्याला उत्तर 'नाही' असं हवं असतं आणि त्याच वेळी 'हो' असंही हवं असतं. ही ओढाताण तो चेहऱ्यावर दाखवतच नाही. ती दिसते ती त्याच्या थांबण्यात, एका प्रश्नानंतर दुसरा विचारायला लागलेल्या उशिरात. समोर भावना. तिचं काम जास्त अवघड. खरी असो वा खोटी, दोन्ही पक्षी पटेल असं तिला उभं राहायचंय. एकदाही ती पारडं पुरतं एका बाजूला झुकू देत नाही. तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

हिचकॉकनं एक गोष्ट सांगितली होती. चार माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत आणि अचानक खाली बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब टेबलाखाली आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं, तर त्याच गप्पा त्याला पंधरा मिनिटं खुर्चीला खिळवून ठेवतात. 'पाठलाग' बघताना मला सारखं वाटत होतं की इथे बॉम्ब उघड्यावर, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे, सगळ्यांना दिसतोय, आणि तो खरा की खोटा एवढंच कुणाला माहीत नाही. खून, रक्त, अंधारातले हात, यातलं काही नसतं तरी सिनेमा उभा राहिला असता. दोन माणसांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी चारचौघांत, उलटतपासणीत बाहेर पडतात आणि नवऱ्याला कळत जातं की बायकोला ओळखायला आपल्याजवळ या आठवणींखेरीज काहीच नाही. मला भीती वाटली ती याची. रात्री एकट्या घरात मी उठून दाराची कडी बघून आलो, पण चोराच्या भयानं नव्हे.

तू ज्या प्रश्नापाशी थांबायचीस तो प्रश्न आला तेव्हा मी चालू सिनेमा थांबवला. पाच मिनिटं पावसाचा आवाज ऐकत बसलो. मग पुढे लावला आणि शेवटपर्यंत बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला फोन केला, "आत्या, 'पाठलाग' बघितला!"

तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं लाइन कटली. मग तू एकदम हळू आवाजात, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय आणि त्याला जाग येऊ नये तसं विचारलंस, "ती तीच होती का रे?"

माझ्या पोटात खड्डा पडला. तीस-पस्तीस वर्षं मी समजत होतो की शेवट तू राखून ठेवला आहेस. मी तोंड उघडलं तर तू घाईनं म्हणालीस, "नको, नको, सांगू नकोस." आणि मग साजगावची रात्र सांगितलीस.

ती मी इथे पुन्हा लिहितोय. तुला माहीत आहेच, पण मला ती नीट कळली का हे तू तपासून बघ.

साल 1968 च्या आसपासचं. जिल्हा तेव्हा कुलाबा. आता चौक गावाजवळ नितीन चंद्रकांत देसायांनी 2005 मध्ये उभारलेला स्टुडिओ आहे, 'जोधा अकबर'चे महाल आपल्याच तालुक्यात उभे राहिले. पण तुझ्या लहानपणी सिनेमा खालापूर तालुक्यात यायचा तो लॉरीवर बसून, वर्षातून एकदा, बोंबल्या विठोबाच्या यात्रेला. कार्तिकी एकादशीपासून साजगावला यात्रा भरते, सुक्या मासळीची. आजोबा बैलगाडी जुंपून वर्षाची बेगमी आणायला निघाले: बोंबील, सुकट, वाकट्या, आणि आजीनं बजावलेली एक घोंगडी. गाडीत तू, सोळा वर्षांची, आणि बाबा, अकरा वर्षांचे. तंबूत 'पाठलाग' लागला होता. लाउडस्पीकरवर सबंध दुपार त्याचीच हाकाटी. तुम्ही दोघांनी आजोबांना इतकं पिडलं की त्यांनी पैसे दिले आणि स्वतः गाडीपाशी घोंगडी अंथरून आडवे झाले.

तंबूत पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, खाली जमिनीवर. बाबा लहान म्हणून तुझ्याबरोबर बायकांत. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की अंधार, शिट्ट्या, पोरांचा कालवा, आणि मग पुन्हा झोत पडायचा. तू म्हणालीस, झोतामध्ये विड्यांचा धूर दिसायचा आणि सुक्या बोंबलांचा वास कनातीतून आत यायचा. मेलेल्या बाईचा चेहरा पडद्यावर परत आला तेव्हा बाबांनी तुझा दंड एवढा आवळला की दुसऱ्या दिवशी वळ होता. मग कोर्ट सुरू झालं आणि त्यांना हुडहुडी भरली. ते काही बोलेनात. तू कपाळाला हात लावलास तर चटका बसला. एक रीळ संपलं, अंधार झाला आणि त्या अंधारात त्यांना उलटी झाली. बाया सरकल्या, कुणीतरी ओरडलं. तू त्यांना उचललंस आणि बाहेर आलीस. तुझ्या मागे पुढचं रीळ सुरू झालं.

आजोबांनी लगेच गाडी जुंपली. चांदणं होतं. बाबांचं डोकं तुझ्या मांडीवर, अंगावर ती नवी घोंगडी, टोचणारी, गाडीत बोंबलांच्या जुड्या. तंबूचा लाउडस्पीकर शेतांवरून ऐकू येत होता. वकिलाचा आवाज आणि बाईचा आवाज एवढं वेगळं कळत होतं, शब्द कळत नव्हते. तू कान देऊन ऐकत होतीस आणि प्रत्येक वेळी बैलांच्या घुंगरांत शब्द बुडत होते. मग वळणानंतर आवाजही गेला.

तेव्हा बाबा म्हणाले, "ताई, माझ्यामुळे शेवट गेला."

आणि तू म्हणालीस, "गेला नाही रे. आपण दोघं मिळून बघू. तोवर मी एकटी बघणार नाही."

"मी पण नाही," ते म्हणाले आणि झोपले.

आत्या, तू शब्द पाळलास. लग्न होऊन डोंबिवलीला गेलीस, तिथे सिनेमे काय कमी होते? सोसायटीतल्या बायका 'मेरा साया'ला निघाल्या तेव्हा तू डोकं दुखतंय म्हणालीस. आम्हाला गोष्ट सांगताना थांबायचीस, कारण तुझ्याजवळही पुढचं काही नव्हतं. आणि मला मराठीच बघ म्हणून शपथ घातलीस, कारण तुझ्या डोळ्यांसमोर जो अर्धा राहिला होता तो मराठी होता. तू हे बाबांना कधी बोलली नाहीस. का, तर त्यांना वाटेल की ताईच्या मनात अजून ते आहे, आपल्यामुळे राहिलं म्हणून. फोन ठेवायच्या आधी तुझं शेवटचं वाक्य होतं, "तो अकरा वर्षांचं पोर होता रे, सकाळी ताप उतरला आणि विसरला असेल."

माझी अर्धी बाजू इथून सुरू होते.

बाबांना सिनेमाचं वेड किती होतं ते तुला माहीत आहे. खोपोलीच्या कारखान्यातली पाळी संपवून गाडीनं कल्याणला जायचे आणि सिनेमा बघून शेवटच्या गाडीनं परत. टीव्ही आल्यावर आमच्या घरी अर्धी आळी बसायची आणि 'समाप्त' दिसेपर्यंत बाबा कुणाला उठू देत नसत. मी पाचवी-सहावीत असताना दूरदर्शनवर 'मेरा साया' लागला. थंडीचे दिवस होते. नावं सुरू झाली आणि बाबा उठले, ओटीवर जाऊन बसले. मी तर शपथेतला. मीही त्यांच्या मागोमाग गेलो. माझी शपथ त्यांना कळली असेल आणि मला सोबत म्हणून ते बाहेर आले असतील, असं मी धरून चाललो. किती चांगले आहेत बाबा, असं वाटल्याचंही आठवतं.

आम्ही बराच वेळ बसलो. ते भाताच्या मळणीबद्दल, बैलाच्या खुराबद्दल, काहीबाही बोलत होते. मग आतून कोर्टातले आवाज यायला लागले. बाबा बोलता बोलता थांबले. उठले, विहिरीवर गेले आणि रहाटानं पाणी ओढायला लागले. आपला रहाट केवढा करकरायचा! एक कळशी, दुसरी, तिसरी. पिंपं संध्याकाळीच भरलेली होती. पाणी काठावरून वाहून अंगणात जायला लागलं. आई आतून येऊन म्हणाली, "अहो, हे काय चाललंय?" ते काही बोलले नाहीत, कळशी सोडत राहिले. टीव्हीचा आवाज थांबला आणि शेजारी चपला शोधत बाहेर पडले, तेव्हा त्यांनी कासरा खाली ठेवला आणि विचारलं, "संपला का?"

तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं, मग मी विसरलो. परवा तू बैलांच्या घुंगरांचं सांगितलंस आणि माझ्या कानात एकदम तो रहाट वाजायला लागला.

आणखी एक. 2018 मध्ये सुबोध भावेचा '...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' आला तेव्हा मी त्यांना पनवेलला घेऊन गेलो. बाबा खूष होते. 1986 साली घाणेकर अमरावतीला दौऱ्यावर गेले असताना तिथेच वारले, त्या बातमीचा दिवस त्यांना आठवत होता. परत येताना मी म्हणालो, "बाबा, आता घरी गेल्यावर 'पाठलाग' बघायचा. मोबाइलवर मिळतो." ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "ताई येऊ दे."

एवढंच. मला वाटलं, टाळतायत, दमलेत. त्यानंतर तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग कोरोनाची दोन वर्षं, मग त्यांचं आजारपण. तू दवाखान्यात आलीस तेव्हा ते बोलण्यापलीकडे गेले होते.

त्यांना आठवत होतं, आत्या. पन्नास वर्षं आठवत होतं. आणि तुला वाटत होतं ते विसरले, त्यांना बहुधा वाटत असणार की तू विसरलीस. घरात एकमेकांची एवढी माया असलेली माणसं, दर भाऊबीजेला भेटणारी, आणि या एका गोष्टीबद्दल कुणी कुणाला बोललं नाही. मी ज्यांच्याबरोबर चाळीस वर्षं राहिलो ते माझे बाबा, ज्या आत्याच्या पुढ्यात बसून वाल सोलले ती तू. दोघांनाही मी पूर्ण ओळखतो अशी माझी खात्री होती. शनिवारी रात्री त्या वकिलाबद्दल मला वाईट वाटत होतं, रविवारी सकाळी स्वतःबद्दल वाटलं.

लंडनमध्ये 'द माउसट्रॅप' नावाचं नाटक आहे, अगाथा ख्रिस्तीचं, 1952 साली सुरू झालेलं. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. हिचकॉकनंही 1960 मध्ये 'सायको'च्या वेळी शेवट फुटू नये म्हणून केवढा बंदोबस्त केला होता. सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा थिएटरवाल्यांना हुकूमच होता. त्यांचं कौतुक सगळे करतात. आपल्या केळवलीत एका बहिणीनं आणि एका भावानं कुणी न सांगता, कुठे पाटी न लावता, स्वतःपासूनच शेवट राखला. मला ते कुठेतरी छापून यायला हवं होतं.

आता माझं ऐक. मी तो एकट्यानं बघितला याची मला रुखरुख आहे. मला ठाऊक असतं तर मी थांबलो असतो. पण झालं ते झालं, आणि एक गोष्ट बरीही झाली: कुठल्या मिनिटाला ते रीळ तुटतं ते मी हेरून ठेवलंय. तंबूतला अंधार कुठे झाला असेल ते तू सांगितलेल्या प्रसंगावरून मला बरोबर सापडलं. शेवट बराच उरलाय. तुझी इच्छा असेल तर तिथूनच लावू. पहिल्यापासून बघायचा म्हणालीस तरी चालेल, रात्र आपलीच आहे.

'दोघं मिळून' हा तुझा शब्द मला पूर्ण करता येणार नाही. पण कळशा ओढणाऱ्या त्या माणसाच्या शेजारी, ओटीवर, मी तेव्हा बसलो होतो. तेवढ्या नात्यानं मला शेजारी बसू दे.

गुडघ्याची काळजी करू नकोस. डोंबिवलीहून दुपारची कर्जत लोकल पकड, तेव्हा गर्दी नसते; धाकट्याला तिथे गाडीत बसवून द्यायला सांग. मी फलाटावर उभा असेन, पूल चढायला लागू नये म्हणून स्टेशनमास्तरांना विचारून ठेवतो. कुठल्या गाडीनं येतेस तेवढं कळव, आणि निदान दोन दिवस आधी कळव. वाल भिजत घालून मोड यायला तेवढा वेळ लागतो. माळ्यावरची घोंगडी काढून उन्हात टाकली आहे. एका कोपऱ्याला कसर लागलीय, बाकी अजून तशीच टोचते.

तुझा भाचा